जंगूबाईचा पंच

परवा नागपूरला जावयाकडे जेवायला गेलो होतो. त्याचा एक मित्र परदेशातून आलेला होता. त्याने काचेच्या मोठ्या वाडग्यात लिंबाच्या चकत्या तरंगणारं एक पेय केलं होतं आणि पळीने सगळ्यांच्या पेल्यांत वाढता वाढता तो सांगत होता, की याला 'पंच' म्हणतात, हे इंग्रज खलाशांनी शोधून काढलं आणि मग त्यांनी ते हिंदुस्थानात आणलं. मंडळी माना हलवत होती. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "खोटं आहे हे." आवाज जरा चढलाच असावा, कारण मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघू लागली. मला रक्तदाबाचा त्रास आहे म्हणून विषय बदलला गेला.

विषय बदलला जाणं मला नवीन नाही. हा पंच मला जिने करून दाखवला तिच्या वेळीही असाच विषय बदलला गेला होता, आणि तेव्हा तो बदलू देणाऱ्यांत मी होतो. म्हणून आता बसून लिहितोय.

आमचा यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षातली गोष्ट. मी मूळचा ढाणकीचा, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. बदली पांढरकवड्याला झाली. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या मोऱ्या आणि एक लहान पूल माझ्याकडे होता. क्वार्टर मिळेपर्यंत सरकारी विश्रामगृहाच्या मागची एक खोली मला दिली, आणि जेवणाची सोय जंगूबाईकडे लावून दिली.

जंगूबाई मडावी त्या विश्रामगृहाचा सगळा स्वयंपाक करत असे. कागदावर मात्र ती 'पाणीवाली, हंगामी' होती. तिथला जुना खानसामा पीरखान, इंग्रजांच्या काळातला. म्हातारपणी त्याला दिसेनासं झालं तेव्हा तो चुलीजवळ स्टुलावर बसून तोंडाने सांगायचा आणि जंगूबाई हाताने करायची. तिचा नवरा तिथलाच चौकीदार. आधी पीरखान गेला, मग नवरा गेला. खानसाम्याची जागा कोणी भरली नाही, कारण कटलेट, पुडिंग, भरलेली कोंबडी, सगळं पाणीवालीच्या पगारात होत होतं. नऊ वर्षं होत होतं. मी एकदा वरच्या कचेरीत याबद्दल विचारलं, तर हेडक्लार्क म्हणाला, "तिने अर्ज केलाय का?" तिला अक्षरओळख नव्हती हे त्याला ठाऊक होतं.

ती गोंड. आठ मैलांवर जंगलात तिच्या माणसांची वस्ती होती, त्याला ते गुडा म्हणत. पन्नाशीची, उंच, सडसडीत. कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण. रागावली की इतर माणसांचा आवाज वर जातो, तिचा खाली जायचा. आणि ती पुष्कळदा रागावलेली असे. तहसीलचा चपराशी विश्रामगृहाच्या कोंबड्या 'साहेबांसाठी' म्हणून उचलून नेऊ लागला की ती दारात उभी राहायची आणि हळू आवाजात विचारायची, "कोन्या पुस्तकात लिवलं हाय, दाखवा." हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. वाचता न येणारी बाई लिहिलेलं दाखवा म्हणते, याची लोकांना गंमत वाटे. मलाही पहिल्यांदा वाटली होती. पण तिला मी पुढे ओळखलं. सगळा जुलूम कुठल्या तरी पुस्तकातून येतो असं तिला आयुष्याने शिकवलं होतं, आणि ते पुस्तक तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

मार्चमध्ये मला हिवताप आला. आठवड्याने ताप उतरला, पण तोंडाची चव गेली होती आणि अंगात उभं राहायची ताकद नव्हती. एका दुपारी जंगूबाईने माझ्या खोलीच्या ओट्यावर एक पितळी वाडगं आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाबू, नुसतं बसून राह्यल्यानं काय होते? पाहा मी काय करते ते."

तिने चार कागदी लिंबं घेतली. आधी साली पातळ सोलल्या, आतला पांढरा भाग अजिबात येऊ न देता. त्या साली साखरेत टाकून हाताने चोळल्या आणि वाडग्यावर ताट झाकून ठेवलं. तासाभराने ताट काढलं तर साखर ओली होऊन पिवळसर झाली होती आणि ओटाभर लिंबाचा वास सुटला होता. मग लहान वाटीने मापं. एक वाटी रस, दोन वाट्या साखर, तीन वाट्या मोहाची दारू, चार वाट्या पाणी. साखर आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवली, बाकीचं मडक्यातलं गार पाणी. साली गाळून काढल्या. शेवटी जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळून त्यात मिसळलं, आणि वाडग्याला ओलं फडकं गुंडाळून ते कडुनिंबाखाली वाऱ्याला ठेवलं.

"एक आंबट, दोन गोड, तीन तेज, चार नरम," ती बोटांवर मोजत म्हणाली. "अन् पाचवी जायफयाची. पाच जिनसा. म्हनून पंच."

मी अर्धी वाटी घेतली. मोहाच्या दारूचा उग्र वास आम्हा लोकांना नाकं मुरडायला लावतो. तो वास तिथं होता, पण लिंबाच्या सालीमागे, जणू दुरून येत होता. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की त्या संध्याकाळी मी आठवड्यानंतर भाकरी मागून खाल्ली.

पंचाची हकीकत तिने पीरखानाकडून ऐकली होती, आणि पीरखानाने त्याच्या आजाकडून. साहेबलोक पहिल्यांदा गलबतांतून सुरतेकडे उतरले, तेव्हा त्यांची आपली पिणी उन्हाने नासून गेली होती. किनाऱ्यावरच्या लोकांची ताडाची, मोहाची दारू त्यांनी बघितली. ते लोक त्यात लिंबू, साखर, मसाला घालून पीत. साहेबांनी नाव विचारलं. कोणीतरी म्हणालं, पाच जिनसा आहेत, पंच. तेच नाव घेऊन ते आपल्या मुलखात गेले, तिथे चिनी मातीची मोठी मोठी वाडगी करवून घेतली, आणि परत आले तेव्हा आमच्याच खानसाम्यांना ते शिकवू लागले. "पीरखान म्हने," जंगूबाई सांगत होती, "साहेबानं मले पंच शिकवला तवा मी मान हलवली. काय करता? नोकरी होती."

पुढे एकदा नागपूरच्या ग्रंथालयात मी एका जाड इंग्रजी पुस्तकात हे शोधलं. पीरखानाच्या हकीकतीशी ते बरंचसं जुळत होतं. फक्त त्यात खालच्या बारीक टिपेत लिहिलं होतं की हा शब्द 'बहुधा' हिंदुस्थानी पाचावरून आला असावा. बहुधा! आपल्याकडून नेलेल्या वस्तूवर आपलं नाव लिहायची वेळ आली की या लोकांना बहुधा आठवतं.

त्याच वर्षी दारूबंदीचा अंमल कडक झाला. मी स्वतः पिणारा नाही आणि दारूने धुळीला मिळालेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. बंदी असू नये असं माझं म्हणणं नव्हतं. पण तिची तऱ्हा पाहा. ज्याला प्रकृतीसाठी प्यावी लागते त्याला डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळे. आमच्या भागात मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांच्या प्रकृती एकाएकी फार नाजूक झाल्या. गुड्यात मात्र शिपाई शिरून मडकी फोडत. जंगूबाईच्या चुलत सासऱ्याच्या दिवसाला मेलेल्याच्या नावाने जमिनीवर दारूची धार सोडायची होती, तिचं मडकंही फुटलं.

ती दुसऱ्या दिवशी तहसीलीत गेली. मी पुलाच्या कागदांसाठी तिथं होतो म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. तिने कारकुनाला विचारलं, परवान्याचा कागद कुठे मिळतो. कारकुनाने विचारलं, कोणासाठी. ती म्हणाली, "देवासाठी. आमच्या पेनाले लागते. अन् मेलेल्या मानसाले लागते." पेन म्हणजे त्यांचा देव. कारकून हसला आणि म्हणाला की परवाना आजारी माणसाला मिळतो, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. ती तिथून तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की देवाला तपासता येत नाही. ती परत तहसीलीत आली. तोवर बरीच माणसं जमली होती. तिने कारकुनाला खालच्या आवाजात विचारलं, "डाक्टरनं त्या परवानावाल्या मोठ्या साहेबाले तपासलं व्हतं काय? बंगल्यावर उतरला की मीच त्याले जेवाले वाढते. दोन कोंबड्या खाते तो." तिला बाहेर काढण्यात आलं.

मला वाटतं तिचं नाव तिथेच लिहून ठेवलं गेलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात पूल पुरा झाला. तपासणीला वरून एक फार मोठे अधिकारी आले, बरोबर त्यांचे तीन पाहुणे आणि आमचे कार्यकारी अभियंता. रविवारची दुपार, माणसं उन्हाने होरपळलेली. साहेबांच्या परवान्याच्या बाटल्यांची पेटी मागच्या गाडीत होती आणि ती गाडी वडकीजवळ बंद पडली होती. साहेब चिडले. अभियंत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही होईल का. मी जंगूबाईकडे गेलो. हे मीच केलं, हे लिहून ठेवतो.

ती आधी नाही म्हणाली. मडकी फोडणारे हेच, आणि पिणारेही हेच, असं म्हणाली. मग मी म्हणालो, माझ्यासाठी कर. तिने माझ्याकडे बघितलं आणि लिंबं सोलायला घेतली.

पितळी वाडगं टेबलावर गेलं आणि पाहता पाहता अर्धं झालं. साहेब खूष झाले. त्यांनी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, की हा अस्सल इंग्लिश पंच, कुठल्या तरी जुन्या खानसाम्याने साहेबलोकांकडून उचललेला दिसतो; आपल्या लोकांना कुठून सुचणार असलं. जंगूबाई ताटं उचलत होती. तिने ताटं परत ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "पंच म्हंजे पाच. तुमाले पाच मोजता येते ना? हे आमचं हाय. ज्या झाडाचं तुमी पेऊन राह्यले, त्याले आमी इरूक म्हनतो. त्याचं मडकं मागच्या वर्षी तुमच्याच शिपायानं फोडलं."

पाहुण्यांतले एक गृहस्थ खळखळून हसले. साहेब हसले नाहीत. पण वाडगं मात्र त्यांनी संपवलं.

ती हकीकत त्या हसऱ्या पाहुण्याने यवतमाळला चार ठिकाणी सांगितली. दारूबंदीच्या काळात सरकारी विश्रामगृहात मोहाची दारू, आणि पिणारा एवढा मोठा अधिकारी. तिखटमीठ लावायला काय कमी? कोणीतरी निनावी अर्ज केला. मग धावपळ झाली. अभियंत्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की साहेबांचं नाव कुठेही येता कामा नये. नाव येऊ द्यायचं नसेल तर दुसरं कोणाचं तरी नाव यायला हवं होतं.

तीन दिवसांनी सकाळी दारूबंदीचा फौजदार आला. जंगूबाईच्या खोलीत चुलीमागे एक बाटली मिळाली, पाऊण भरलेली. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक चपराशी उभा केला, दुसरा मी. कागदावर लिहिलं होतं, की सदर बाईने कोणासही न कळता गावठी दारू चोरून बाळगली. कोणासही न कळता! मी ते वाक्य दोनदा वाचलं. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी कायम व्हायची होती. कारणं माणसाजवळ नेहमीच असतात. मी सही केली.

जंगूबाई माझ्या सहीकडे बघत होती. "हा कोनता पंच म्हनायचा, बाबू?" ती म्हणाली. फौजदाराने तिला गप्प बसायला सांगितलं.

खटला पांढरकवड्यालाच चालला. तिने वकील दिला नाही. दारू कोणी गाळून दिली ते सांग, म्हणजे तुला सोडू, असं तिला फौजदाराने आधीच सांगितलं होतं; तिने सांगितलं नाही. गुड्यातलं एकही नाव तिच्या तोंडून आलं नाही. माझी साक्ष पाच मिनिटांची. बाटली मिळाली का? मिळाली. सही तुमची का? माझी. मग न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे आरोपीला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का.

ती उभी राहिली. मला तिचा तो खालचा आवाज अजून ऐकू येतो.

"बाबू, पुलाच्या दिवशी वाडगं कोनं रिकामं केलं, तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही खरोखर माहीत नाही. न्यायाधीश म्हणाले, की हा प्रश्न या खटल्याला लागू नाही, साक्षीदाराने उत्तर द्यायचं कारण नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची जेवढी चीड मला आहे, तेवढी त्या साहेबाचीही नाही.

"कोन्या पुस्तकात लिवलं हाय?" जंगूबाईने विचारलं.

न्यायाधीशांनी समोरचं कायद्याचं पुस्तक उचलून तिला दाखवलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना वाटलं बाईची समजूत पटेल. तिने ते लांबून नीट बघितलं. जन्मभर ज्याची मागणी केली ते शेवटी तिला कोणीतरी दाखवत होतं.

"मंग त्याच्यात माह्यंच नाव कसं काय सापडलं," ती म्हणाली, "अन् त्यायचं कसं नाई सापडत?"

न्यायाधीशांनी पुस्तक परत टेबलावर ठेवलं. तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली. यवतमाळच्या तुरुंगात नेण्यासाठी मोटारीत बसवलं तेव्हा गुड्यातली पंधरा-वीस माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. मी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं. बाहेर गेलो नाही.

विश्रामगृहात तिला परत घेतलं नाही. तिच्या जागी खानसामा नेमला, पक्क्या नोकरीवर, खानसाम्याच्या पगारावर. नऊ वर्षं जी जागा नव्हती ती तीन महिन्यांत निघाली. साहेबांना बढती मिळाली. मी कायम झालो आणि माझी बदली उमरखेडला झाली. पुढे काही वर्षांनी परवाने इतके सैल झाले, की ज्याच्यासाठी तिला तुरुंगात टाकलं ते विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उघड्यावर चालू झालं, फक्त बाटलीवर लेबल हवं. मोहाला मात्र लेबल नव्हतं.

अधूनमधून मी घरी पंच करून बघतो. मापं बरोबर, साली बरोबर, जायफळ बरोबर. दुकानातली रम घालतो. ते पेय होतं, पंच होत नाही. बायको म्हणते, जे येत नाही ते कशाला करता.

तिला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. १९६५च्या सुमारास केव्हातरी मी हैदराबादकडे एसटीने निघालो होतो. पांढरकवड्याच्या पुढे, ट्रकवाल्यांच्या थांब्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं. कडेला कुडाची झोपडी होती आणि बाहेर चार चुली. चुलींजवळ जंगूबाई. केस पांढरे झालेले, पण पाठ तशीच ताठ. पंजाबी ड्रायव्हर, क्लीनर पोरं, दोन गुराखी, सगळे एका ओळीत जमिनीवर बसून ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण खात होते.

तिने मला लगेच ओळखलं. "बसा, बाबू," म्हणाली, आणि ओळीच्या शेवटी माझ्यापुढे अॅल्युमिनियमची थाळी ठेवली. मी बसलो, पण घास उचलवेना. इतक्या वर्षांत मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकच बाहेर आलं. मी म्हणालो, "जंगूबाई, मी त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, बाबू. आपली माणसं तसंच म्हणतात. तिने माझ्या थाळीत दुसरी भाकरी ठेवली.

"हो," ती म्हणाली. "सांगाले पाह्यजे होतं." आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली.

चाक बदलून झालं, कंडक्टरने हाक मारली. गाडी निघाली तेव्हा मी मागच्या खिडकीतून बघत होतो. एक वाकलेली, जंगलातल्या कोलाम जमातीची म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती आणि दोन्हीकडून ट्रक एकामागून एक सुसाट जात होते, कोणी थांबत नव्हतं. जंगूबाई चुलीवरून उठली. पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. समोरचा ट्रक करकचून ब्रेक लावत तिच्यापासून चार हातांवर थांबला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या देऊ लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हातारी एकेक पाऊल टाकत पार पलीकडे पोचेपर्यंत ती हात वर धरून तशीच उभी होती.